गलतीकरांस आणि रोमकरांस पत्रं : विश्वास, कृपा आणि नियमशास्त्र यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वाचनगट लहान आहे. गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात, मधे चहाचा थर्मास आणि प्रत्येकाच्या हातात बायबलची वेगळी प्रत. काही जण चर्चमध्ये वाढलेले, काहींनी यापूर्वी बायबल उघडलंही नव्हतं. पौल हा पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक, त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत. ती वाचायला घेतली की ठरावीक प्रश्न दरवर्षी येतात, आता व्हॉट्सॲपवर बाहेरूनही येतात. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कुठून करू? रोमकरांस पत्र आधी छापलंय, म्हणजे तेच आधी वाचायचं ना?

नाही. नव्या करारात पौलाची पत्रं साधारण लांबीप्रमाणे लावलेली आहेत, सर्वांत लांब ते पहिलं. तारखेचा त्यात संबंध नाही. सुरुवात गलतीकरांस पत्राने करा. सहा अध्याय, १४९ वचनं, मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासात संपतं. आणि मोठ्यानेच वाचा, कारण ही पत्रं मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच पाठवली जात. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे १५५१ सालचे. पौलाला दोन्ही ठाऊक नव्हते, तेव्हा पहिल्या वाचनात तुम्हीही ते विसरा. रोमकरांस पत्र सोळा अध्यायांचं आणि शांतपणे रचलेलं आहे. गलतीकरांसमधलं भांडण आधी कळलं, तर त्या शांतपणाचा अर्थ लागतो.

२. मराठीत कुठलं भाषांतर घ्यावं? ग्रीक यायलाच हवं का?

ग्रीक नाही आलं तरी चालतं, पण दोन भाषांतरं शेजारी ठेवा. बहुतेकांच्या घरी बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ असतं, ते एक घ्या. दुसरं आजच्या बोलीच्या जवळचं एखादं. जिथे दोन्ही सरळ जुळतात तिथे पुढे जा, जिथे वेगळी वाट धरतात तिथे थांबा. मूळ ग्रीकमध्ये काहीतरी अडलेलं आहे, असं हमखास समजावं.

मराठीतली ही परंपरा जुनी आहे. सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. साध्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं.

३. ही पत्रं खरंच पौलाची आहेत का?

या दोन पत्रांबद्दल अभ्यासकांत वाद नाही. पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यांपैकी सात निर्विवाद त्याची मानली जातात : रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला लिहिलेलं. बाकी सहांबद्दल मतभेद आहेत. इब्री लोकांस पत्र जुन्या काळी त्याच्या नावावर घालत, पण त्यात लेखकाचं नावच नाही.

‘लिहिली’ या शब्दाबद्दल मात्र थोडं. रोमकरांस पत्राच्या शेवटी एक माणूस अचानक मधे बोलतो : हे पत्र लिहून काढणारा मी तर्तियस, तुम्हाला सलाम सांगतो (१६:२२). म्हणजे पौल सांगत होता, तर्तियस उतरवून घेत होता. गलतीकरांसच्या शेवटी पौल स्वतः लेखणी घेतो आणि म्हणतो, पाहा, माझ्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहितोय (६:११). डोळे अधू होते, सवय नव्हती की मुद्दा ठसवायचा होता, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला ते वचन नुसतं वाचायलाच आवडतं.

काळ : गलतीकरांस इ.स. ४८ ते ५५च्या दरम्यान, रोमकरांस ५७च्या आसपास करिंथहून. ते रोमला बहुधा किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी घेऊन गेली (१६:१-२). पत्रांच्या संग्रहाची सर्वांत जुनी हाती असलेली प्रत म्हणजे पपायरस ४६, साधारण इ.स. २०० सालची. तिची पानं आज डब्लिन आणि ॲन आर्बर अशी दोन शहरांत विभागली आहेत.

४. गलतिया नेमकं कुठे?

आजच्या तुर्कस्तानाच्या मधल्या भागात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात केल्ट टोळ्या तिथे येऊन वसल्या, त्यांच्यावरून नाव पडलं. रोमने इ.स.पू. २५ मध्ये प्रांत केला तेव्हा दक्षिणेची शहरंही त्यात घातली. म्हणून पत्र उत्तरेकडच्या मूळ गलतियनांना आहे की दक्षिणेच्या इकुन्य, लुस्त्र, दर्बे या शहरांना, हा वाद आहे. तारीख त्यावर थोडी पुढेमागे सरकते, पत्राचा अर्थ मात्र बदलत नाही.

५. भांडण नेमकं कशावरून होतं?

पौल पुढच्या गावी गेल्यावर गलतियाच्या मंडळ्यांत दुसरे शिक्षक आले. तेही येशूला मानणारेच होते, हे लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं असं : मूर्ती सोडल्यात, ख्रिस्तावर विश्वास ठेवलात, उत्तम. आता अब्राहामाच्या, म्हणजे यहूद्यांच्या मूळ पुरुषाच्या, घरात रीतसर या, म्हणजे सुंता करून घ्या, सण-दिवस पाळा.

त्यांची बाजू लंगडी नव्हती. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय १७) देव स्वतः सुंतेला सर्वकाळचा करार म्हणतो आणि बेसुंती पुरुष आपल्या लोकांतून काढून टाकला जावा असंही सांगतो. शास्त्र उघडून कोणी हे दाखवलं, तर नव्या माणसाने काय उत्तर द्यायचं? पौलाची अडचण इथे होती. त्याचं म्हणणं : परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, देवाने परराष्ट्रीय म्हणूनच स्वीकारलंय. त्यांना देवाचा आत्मा मिळाला तेव्हा कोणाची सुंता झाली होती? (३:२-५)

तो किती भडकला होता, ते पत्राच्या ठेवणीवरून कळतं. एरवी अभिवादनानंतर तो वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो, अगदी करिंथच्या भांडकुदळ मंडळीबद्दलही. इथे ते वाक्यच नाही. सा. न. वि. वि. लिहून झाल्यावर ‘आपली खुशाली कळली, आनंद वाटला’ हे गाळून कोणी थेट ‘तुम्हाला झालंय तरी काय?’ असं लिहावं, तसं हे पत्र सुरू होतं.

६. अंत्युखियात पेत्राचं काय चुकलं? नुसतं जेवणाच्या जागेवरून उठला, तर एवढं?

नुसतं नाही. गलतीकरांस २:११-१४ ही या सगळ्या वादाची किल्ली आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

सिरियातलं अंत्युखिया, म्हणजे आजचं अंताक्या. तिथल्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत. येशूचा शिष्य पेत्र, ज्याला पौल केफा म्हणतो, तोही त्यांच्यात बसत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली. पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले. शेवटी बर्णबाही गेला, पौलाचा इतक्या वर्षांचा सोबती. ‘बर्णबासुद्धा’ हा शब्द पौलाच्या वाक्यात कसा बसलाय ते पाहा.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. रोटीव्यवहार म्हणजे काय आणि पंगतीतून कोणी न बोलता उठून गेलं की उरलेल्यांना काय कळतं, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना कोणी ‘सुंता करा’ असं तोंडाने म्हटलं नाही. फक्त ताट दुसरीकडे गेलं. पौलाच्या मते हीच जबरदस्ती : आमच्यासारखे व्हा, नाहीतर वेगळे बसा. म्हणून तो सगळ्यांसमोर, तोंडावर बोलला. आरोपही नीट बघा. पेत्राची शिकवण चुकीची आहे असं तो म्हणत नाही, ढोंग म्हणतो : मनातून तुला वेगळंच पटलंय.

पेत्राने ऐकलं का? पौल सांगत नाही. तो जिंकला असता तर सांगितलं असतं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही.

७. ‘नियमशास्त्र’ म्हणजे दहा आज्ञा, की सगळे विधी? आणि ‘नियमशास्त्राची कृत्ये’ म्हणजे काय?

नियमशास्त्र म्हणजे तोरा, मोशेच्या नावावरची पाच पुस्तकं आणि त्यांतला करार. त्यात नीती आहे, विधी आहेत, दिवाणी कायदा आहे आणि गोष्टीही आहेत. पौल ‘यातले विधी सोडा, नीती ठेवा’ अशी वाटणी करत नाही. ती पुढच्यांनी केली.

‘कृत्यां’वरून मात्र गेली पन्नास वर्षं अभ्यासकांत जुंपली आहे. सोळाव्या शतकातला जर्मन सुधारक ल्यूथर याच्या वाटेने वाचणारे म्हणतात, चांगली कामं करून देवाची मर्जी कमावण्याचा माणसाचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे ही कृत्ये. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने त्या काळचं यहूदी साहित्य चाळून दाखवलं की पुण्य साठवून तारण विकत घेणारा धर्म असं त्याचं चित्र काढणंच चूक आहे. त्यानंतर जेम्स डन वगैरेंनी म्हटलं की पौलाच्या नजरेसमोर प्रामुख्याने यहूदी कोण आणि बाहेरचा कोण हे दाखवणाऱ्या खुणा आहेत : सुंता, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), खाण्याचे नियम. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथे जुनी यहूदी हस्तलिखितं सापडली, त्यांतला चौथ्या गुहेतला एक मजकूर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘तोऱ्याची काही कृत्ये’ असा हिब्रू शब्दप्रयोग आहे आणि चर्चा शुद्धाशुद्धीच्या बारीकसारीक नियमांची आहे. डन यांच्या बाजूला त्याने बळ मिळालं.

माझं मत : गलतीकरांसमध्ये खुणांचा अर्थ चपखल बसतो. रोमकरांस ४:४-५ मध्ये मजुरी आणि देणगी यांची तुलना येते, तिथे जुना अर्थही टाकवत नाही. एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडायचा हट्ट नको.

८. म्हणजे हा भक्ती विरुद्ध कर्मकांड असाच वाद ना? आपल्या संतांसारखा?

हा प्रश्न आवडता आहे, आणि ‘हो’ म्हणायचा मोहही होतो. मराठी ख्रिस्ती माणसाने पौलाला भक्तीच्या भाषेतून ऐकलंय, ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंगच लिहिले. पण अभ्यास करताना हे समीकरण दोन ठिकाणी फसतं.

एक, पौल नियमशास्त्राला पोकळ म्हणत नाही. ते पवित्र आहे, आज्ञा पवित्र, न्याय्य, उत्तम आहे असं तो स्वच्छ लिहितो (रोम. ७:१२). दोन, कृपा हा पौलाने लावलेला शोध नव्हे. दहा आज्ञांच्या आधीचं वाक्य वाचा : मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढलं (निर्गम २०:२). आधी सुटका, मग आज्ञा. यहूदी माणूस आज्ञा पाळतो ते सुटका व्हावी म्हणून नव्हे, झाली म्हणून. ‘यहूदी धर्म म्हणजे कर्मकांड, ख्रिस्ती धर्म म्हणजे प्रेम’ असं कोणी व्याख्यानात म्हणालं, तर त्याने उत्पत्ती ते अनुवाद ही मोशेची पाच पुस्तकं वाचलेली नाहीत असं खुशाल समजा. भांडण कशाचं होतं ते प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

९. विश्वास म्हणजे मनात ‘हे खरं आहे’ असं मानणं का?

ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. त्यात मानणं आहे, भरवसा टाकणं आहे, आणि दिलेल्या शब्दाला जागणंही आहे. रोमकरांस ३:३ मध्ये देवाची पिस्तिस येते, तिथे अर्थ उघडच ‘विश्वासूपणा’ असा आहे. देव कोणावर विश्वास ठेवणार?

मग गलतीकरांस २:१६ मध्ये ‘पिस्तिस ख्रिस्तू’ येतं, शब्दशः ‘ख्रिस्ताचा विश्वास’, आणि घोटाळा सुरू होतो. ख्रिस्तावर आपण ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताने दाखवलेला विश्वासूपणा? ‘आईची आठवण’ म्हणा. आईला आलेली की आईविषयी आलेली? षष्ठी काही सांगत नाही, पुढचं वाक्य सांगतं. गंमत अशी की त्याच वचनात पौल पुढे क्रियापद वापरतो, ‘आम्ही ख्रिस्त येशूवर विश्वास ठेवला’, आणि दोन्ही पक्ष तेच वाक्य आपल्या बाजूने लावतात. एक म्हणतो, बघा, अर्थ स्पष्ट केला. दुसरा म्हणतो, तेच दोनदा कशाला सांगेल?

१०. कृपा आणि दया यांत फरक काय?

दया आली की माणूस वाईट वाटून घेतो. कृपा म्हणजे देणगी, देणाऱ्याने आपणहून दिलेली. ग्रीक ‘खारिस’ शब्दात देणगी, मर्जी आणि आभार हे तिन्ही अर्थ आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:१५) ‘देवाला खारिस’ म्हणजे देवाचे आभार. देणं आणि परत फिरणारं देणं, दोन्ही एकाच शब्दात.

आपल्याकडे हा शब्द झिजलाय. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीत कृपा कुठे आहे?

पौलाच्या जगात देणगी हा गंभीर व्यवहार होता. श्रीमंत आश्रयदाता देई, घेणारा उपकृत राही, गाव त्याच्या नावाचा शिलालेख खोदी. आणि शहाणा माणूस पात्र बघून देई. त्याच काळातल्या सेनेका या तत्त्ववेत्त्याने उपकारांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात कोणाला द्यावं याचा काथ्याकूट भरपूर आहे. पौलाचं वाक्य याच्यापुढे ठेवा : आपण पापी असताना, वैरी असताना देवाने दिलं (रोम. ५:८-१०). पात्रता न बघता दिलेली देणगी. त्याच्या ऐकणाऱ्यांना ते दानशूरपणाचं वाटण्याऐवजी अव्यवहारी वाटलं असेल. मात्र ‘पात्रता न बघता’ म्हणजे ‘पुढे काही अपेक्षा नाही’ असं नव्हे, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

११. मधेच अब्राहाम कशाला येतो?

कारण समोरच्यांनी त्यालाच साक्षीला आणलं होतं (प्रश्न ५). पौल त्यांच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, आणि ती तारखांवर घेतो.

उत्पत्ती १५:६ मध्ये अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व (देवासमोर योग्य ठरणं) म्हणून गणलं गेलं. ‘गणणं’ हा हिशेबातला शब्द आहे, खात्यावर जमा धरणं. सुंता येते उत्पत्ती १७ मध्ये, तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. मधल्या सोळाव्या अध्यायात इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा. म्हणजे जमा झाली त्यानंतर किमान तेरा वर्षांनी सुंता. मग जमा झाली तेव्हा तो सुंती होता की बेसुंती? रोमकरांस ४:१० मधला हा प्रश्न वकिली थाटाचा आहे, आणि उत्तर एकच निघतं. नियमशास्त्र तर आणखी ४३० वर्षांनी आलं (गलती. ३:१७). एकदा पक्कं झालेलं मृत्युपत्र नंतरचा कागद रद्द करू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद.

१२. नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हटलंय. म्हणजे शिक्षक का?

मीही गटात पहिल्या वर्षी ‘शिक्षक’ असंच सांगितलं होतं. एका निवृत्त पाळकांनी चहा पिता पिता दुरुस्त केलं.

ग्रीक शब्द ‘पैदागोगोस’. शिकवणारा वेगळा असे. हा घरचा गुलाम, बऱ्याचदा वयस्कर. मालकाच्या मुलाला सकाळी शाळेत नेणं, त्याची पाटी-बोरू धरणं, रस्त्यात कोणी छेडणार नाही हे बघणं, जेवताना हात कसा धरावा ते सांगणं, चुकलं की फटका देणं, हे त्याचं काम. जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत तो वाकडी काठी घेऊन मुलाच्या मागे उभा दिसतो. मुलगा वयात आला की त्याचं काम संपलं. तो वाईट होता म्हणून नव्हे, मुलगा मोठा झाला म्हणून.

गलतीकरांस ३:२४-२५ असं वाचलं की पुढचा वारस आणि दत्तकपणाचा भाग (४:१-७) आपोआप लागतो. तिशीतल्या माणसाला बालरक्षकाचा हात धरून शाळेत जाताना डोळ्यांसमोर आणा, पौलाची चिडचिड कळेल.

१३. सगळं कृपेनेच, तर मग पाप केलं तरी काय बिघडतं?

पौलालाही हे विचारलं गेलं, तो तसं शिकवतो अशी निंदाही झाली (रोम. ३:८). रोमकरांसमध्ये तो काल्पनिक विरोधकाला प्रश्न विचारू देतो आणि ‘मुळीच नाही!’ म्हणून उडवतो. हा ग्रीक उद्गार त्या पत्रात दहा वेळा येतो. उत्तर सहाव्या अध्यायात आहे : बाप्तिस्म्यात तुम्ही पापाला मेलात, मालक बदलला. इथे तो नियमांची यादी देत नाही. कोणाचे दास, एवढंच विचारतो. गलतीकरांस ५ मध्ये तेच ‘आत्म्याचं फळ’ म्हणून येतं, आणि सगळं नियमशास्त्र ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ यात पूर्ण होतं असंही (५:१४).

१४. याकोबाचं पत्र नेमकं उलट सांगतं. कोण बरोबर?

शब्दांवर गेलात तर समोरासमोर टक्कर आहे. पौल : नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून विश्वासाने नीतिमान (रोम. ३:२८). याकोब : केवळ विश्वासाने नव्हे (२:२४). दोघेही साक्षीला उत्पत्ती १५:६ च आणतात. त्यातून ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द स्वतः घातला आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. ‘केवळ विश्वास’ हे शब्द नव्या करारात शेजारी शेजारी फक्त याकोबाच्या पत्रात येतात, तेही नकारासकट. हे सांगितलं की गटात दरवेळी हशा पिकतो.

पण शब्द सारखे असले तरी माल वेगळा आहे. याकोब ज्या विश्वासाला हाणतो तो भुतांकडेही असतो (२:१९), म्हणजे नुसतं मानणं. पौलाचा विश्वास प्रीतीच्या द्वारे काम करतो (गलती. ५:६). याकोबाची कृत्ये म्हणजे उघड्या भावाला वस्त्र देणं, त्यात सुंतेचा उल्लेखही नाही. पूर्ण मिटतं का? माझ्या मते नाही, थोडा खडा दातांखाली राहतो. चर्चच्या पातळीवर मात्र ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त निवेदन केलं.

१५. सुंतेला एवढा विरोध, मग आपला सहकारी तीमथ्य याची सुंता पौलानेच कशी केली?

लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१६:३) तसं आहे. तीमथ्याची आई यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. यहूद्यांच्या नजरेत तो अर्धवट राहिलेला यहूदी. पौलाचा दुसरा सोबती तीत मात्र सरळ हेल्लेणी होता आणि यरुशलेममध्ये दबाव आला तरी त्याची सुंता झाली नाही (गलती. २:३). फरक त्वचेत नाही, कारणात आहे. ‘याशिवाय तू आत नाहीस’ असं म्हटलं की पौल अडून बसतो. प्रवासाची सोय म्हणून केलं तर त्याला काही नाही. सुंता काही नाही आणि बेसुंतीपणाही काही नाही, असं तो गलतीकरांसमध्ये दोनदा म्हणतो. काही अभ्यासकांना मात्र हे लूकने सांगितलेलं पौलाच्या स्वभावात बसत नाही असं वाटतं.

१६. रोमकरांस ७ मधला ‘जे करू नये तेच करतो’ म्हणणारा ‘मी’ कोण?

वाचताना प्रत्येकाला ‘हा मीच’ असं वाटतं, म्हणून हा प्रश्न अवघड. प्राचीन चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन याने आधी तो कृपेपूर्वीचा माणूस मानला, नंतर मत बदलून पौल विश्वासणारा म्हणूनच बोलतोय असं म्हटलं. १९२९ मध्ये क्युमेल या जर्मन अभ्यासकाने मांडलं की हे आत्मचरित्र नाहीच, बोलण्याची एक तऱ्हा आहे. तिला आधार आहे : फिलिप्पैकरांस ३:६ मध्ये पौल स्वतःला नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष म्हणतो, तिथे तळमळ कुठेच नाही. अध्यायाचा विषय नियमशास्त्राचा बचाव आहे. दोष आज्ञेचा नाही, तिला हत्यार करणाऱ्या पापाचा आहे. एवढं धरून ठेवलं तरी पुरे.

१७. हागार-सारेचं रूपक वाचून अस्वस्थ वाटलं. पौल आपल्याच लोकांना दासीची मुलं म्हणतो?

वाटायलाच हवं. गलतीकरांस ४:२१-३१ मध्ये तो सिनाय डोंगरावर मोशेला मिळालेला करार अब्राहामाच्या दासीला, हागारेला, जोडतो, आणि यहूदी तर स्वतःला त्याच्या बायकोची, सारेची, मुलं मानत. कोणत्याही यहूदी वाचकाला हे उलटंच वाटेल. बहुधा विरोधकांनीच ही गोष्ट काढली होती आणि तो ती फिरवून परत करतोय. तरी पुढच्या शतकांत या ओळींचा वापर यहूद्यांविरुद्ध झाला. दुसऱ्या शतकातल्या मार्कियोनने तर जुना करारच टाकला आणि आपल्या संग्रहात गलतीकरांस सर्वांत आधी ठेवलं.

म्हणून हा उतारा रोमकरांस ११ शिवाय वाचू नका. देवाने आपले लोक टाकलेत का? मुळीच नाही! मग जैतुनाच्या झाडाचं चित्र येतं. कोकणातल्या माणसाला ते एका क्षणात कळेल आणि तो हसेल. आपण रायवळच्या रोपावर हापूसचं कलम बांधतो. पौल उलट सांगतो : लागवडीच्या झाडावर रानटी फांदी. परराष्ट्रीय म्हणजे ती रानटी फांदी. ‘याला शेतीतलं कळत नव्हतं’ असं टीकाकार म्हणत आले, पण तो स्वतःच त्याला निसर्गाविरुद्ध म्हणतो (११:२४). रायवळच्या डहाळीने हापूसच्या खोडापुढे मिरवू नये, हाच मुद्दा : मुळाला तू धरलं नाहीस, मुळाने तुला धरलंय (११:१८).

१८. गलतीकरांस ५:१२ खरंच तसं आहे का?

हो. सुंतेवरून घोळ घालणाऱ्यांनी पुढे जाऊन स्वतःचं सगळंच कापून घ्यावं, असं तो म्हणतो. भाषांतरं जरा सभ्य करतात. आमच्याकडे मोठ्याने वाचायची पाळी ज्यांच्यावर आली त्या काकूंनी चष्मा पुसायला घेतला.

१९. गलतीकरांसमध्ये ‘दिवस पाळता’ म्हणून रागावतो, रोमकरांस १४ मध्ये ‘ज्याला पाळायचा त्याने पाळावा’ म्हणतो. मग उपवास, शाकाहार, सण यांचं काय?

विसंगती खरी आहे, आणि ती समजली की दोन्ही पत्रं समजली. गलतियात दिवस पाळणं ही आत येण्याची अट केली जात होती. रोममध्ये चित्र वेगळं. क्लौद्य बादशहाने इ.स. ४९ च्या सुमारास यहूद्यांना रोमबाहेर काढलं होतं, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं त्यांतलंच (प्रेषित. १८:२). ५४ मध्ये क्लौद्य मेल्यावर लोक परतू लागले. मधल्या काळात मंडळ्या बहुतांशी परराष्ट्रीयांच्या हाती गेल्या असाव्यात. आता भाजीपाल्यावर राहणारा आणि दिवस मानणारा ‘दुबळा’ ठरला, आणि सगळं खाणारा ‘बळकट’ त्याला तुच्छ लेखू लागला.

पौल स्वतःला बळकटांत धरतो, कोणतंही अन्न मुळात अशुद्ध नाही हे त्याला पटलंय (१४:१४). तरी तो दुबळ्याला ‘हे सोड’ म्हणत नाही. प्रत्येकाच्या मनाची खात्री असावी, एवढंच म्हणतो (१४:५). तुमचा उपवास तुमच्यापुरता असेल तर रोमकरांस १४ वाचा. त्यावरून कोणाला मंडळीत मोजायचं ठरणार असेल तर गलतीकरांस ४:१०. आणि प्रश्न ६ परत बघा. अंत्युखियात पंगत मोडली म्हणून तो पेत्रावर तुटून पडला होता. इथे ती मोडू नये म्हणून बळकटांना सांगतो, भावाला ठेच लागणार असेल तर मांस न खाणं, द्राक्षारस न पिणं हेच बरं (१४:२१).